पाहणाऱ्याचे उजवे

सन २०२२, मार्चची नऊ तारीख, बुधवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. हनोईतल्या एका रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यावरील लहानशा खोलीत टेबलावर एक कागद होता आणि त्या कागदावर पाच ओळी होत्या. पाच ओळी म्हणजे पाच भ्रूण. पहिल्या चार ओळींपुढे एकच शेरा होता: रोपणास अयोग्य. पाचव्या ओळीपुढे तो शेरा नव्हता. तिथे एक शब्द छापलेला होता आणि शब्दापुढे तीस टक्के असा आकडा.

तो शब्द होता 'खाम'.

वू दिन्ह थुआन यांनी तो उलटा वाचला, कारण कागद डॉक्टरांच्या बाजूने ठेवलेला होता. उलटा असूनही तो त्यांना तत्काळ लागला. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यातली पन्नास वर्षे त्यांनी ह्याच शब्दावर पोट भरले होते. काळ्या रोगणाच्या लाकडात शिंपल्याचे तुकडे बसवायचे, ते इतके घट्ट की बोटाला सांधा लागू नये, ह्या कामाला त्यांच्या गावात खाम म्हणतात. गावातल्या प्रत्येक घरात ते चालते. पण हा शब्द रुग्णालयाच्या कागदावर, आपल्या मुलीच्या नावाखाली, त्यांनी कधी पाहिला नव्हता.

डॉक्टर उएन चाळिशीच्या होत्या. बोलायला मऊ, आकड्यांना पक्क्या. त्या लुआशी, म्हणजे थुआन यांच्या चौतीस वर्षांच्या एकुलत्या मुलीशी, आणि तिचा नवरा बाक याच्याशी बोलत होत्या.

"पाचव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून आपण पाच-सहा पेशी काढतो. यातल्या काहींत सगळं ठीक आहे. काहींत, म्हणजे अंदाजे तीस टक्क्यांत, सातवं गुणसूत्र दोनाच्या जागी तीनदा आलंय. एकाच भ्रूणात दोन तऱ्हेच्या पेशी, म्हणून खाम."

"म्हणजे त्यात दुसरंच काहीतरी बसवलंय," थुआन म्हणाले.

मुखपट्टीआड डॉक्टरांचे डोळे हसले. "बसवलं कुणी नाही, काका. पेशी वाढताना झालेली चूक आहे ती. आणि बाहेरच्या थराची पुढे वार होते. बाळ होतं ते आतल्या गोळ्याचं. कडेला दिसलं ते आत असेलच असं नाही. नसेलच असंही मी म्हणत नाही."

"पण अशानं मूल होतं का?" बाकने विचारले.

"होतं. शंभर जणींत चाळीसच्या आगेमागे बाळ घरी घेऊन जातात. निर्दोष भ्रूणापेक्षा कमी, आणि गर्भ पडायचं प्रमाण जरा जास्त. जन्मतात त्यांतली बहुतेक ठणठणीत असतात. सतराव्या आठवड्यात गर्भजल तपासायचं. त्यात वाईट निघालं तर काय करायचं, हे तुम्ही दोघांनी आधीच ठरवून ठेवा."

"आणि हे नाही घेतलं तर?" लुआ म्हणाली.

डॉक्टरांनी कागद तिच्या बाजूला वळवला. "तर काही नाही, लुआ. तीन वेळा बीजं काढली तुझी. आता नाही निघायची. हे शेवटचं."

गावी पोचायला दुपार झाली. झाऊआत्या अंगणाच्या तोंडाशीच उभी होती. ती थुआन यांची थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर, डावा कान गेलेला, आणि त्यामुळे आवाज साऱ्या गल्लीला पुरेल इतका.

"काय म्हणाली गं डॉक्टरीण?"

"एक आहे, आत्या. पण खाम आहे."

"खाम?" आत्याने हातातली पालेभाजीची टोपली खाली ठेवली. "मग रडवं तोंड कशाला? साध्या पेटीपेक्षा खामाची पेटी केव्हाही भारीच! हनोईच्या डॉक्टरांनासुद्धा आपल्याच गावचं काम लागतं म्हण की!"

बाकला इतके हसू आले की त्याला मोटरसायकल लावता येईना. लुआही हसली, त्या दिवसातले ते पहिलेच. "अगं आत्या, ते लाकडाचं नाही."

"मग कशाचं?"

"माझं," लुआ म्हणाली, आणि तिचे हसू तिथेच थांबले.

थुआन हसले नाहीत. ते थेट कामाच्या पडवीत जाऊन बसले. समोर अर्धवट झालेले तबक होते. काळ्या रोगणात शिंपल्याचे बगळे. त्यांनी ओल्या दगडाने ते घासायला घेतले आणि दुसऱ्याच हाताला थांबले. काळ्या जमिनीत, पांढऱ्या पंखाच्या बाजूला, कलिंगडाच्या बीएवढा एक ठिपका त्यांना दिसला. जमिनीपेक्षाही काळा. त्यांनी फडक्याने पुसून पाहिले. ठिपका नव्हता. गेली अडीच वर्षे तो असाच दिसे आणि नसे.

त्या ठिपक्याचा उगम त्यांना नीट माहीत होता, कारण तो त्यांनी स्वतः काढलेला होता.

सन १९८५च्या ऑगस्टमध्ये थुआन यांचा दुसरा मुलगा एकोणिसाव्या दिवशी गेला. पहिला त्याच्या दोन वर्षे आधी, अकराव्या दिवशी गेला होता. थुआन यांच्या आईने डोळ्यांत पाणी न आणता सांगितले, "हे परतपावलीचं मूल आहे. तेच तेच येतं, चार दिवस राहतं, आईचं काळीज काढून नेतं. पुरायच्या आधी खूण कर. पुन्हा आलं तर ओळखू येईल." खूण अंगावर उमटून येते आणि असे मूल टिकत नाही, हे गावातल्या कोणालाही सांगावे लागत नसे. बाकीचे लोक चुलीवरच्या भांड्याची काजळी लावत. थुआन तंत्रविद्यालयात तीन वर्षे शिकून आलेले. त्यांचा ह्यावर विश्वास नव्हता. परंतु करायचेच तर नीट करायचे, हा त्यांचा स्वभाव. काजळी पुसली जाते. झाडाच्या चिकाचे काळे रोगण दमट हवेत वाळते आणि वाळले की लाकडासकट जळते, पण सुटत नाही. दुपारी चार वाजता, सर्वांत बारीक कुंचल्याने, त्यांनी बाळाच्या टाचेवर एक ठिपका दिला. त्यांची बायको थोम भिंतीकडे तोंड करून पडली होती. झाऊने परात धरली होती.

तीन वर्षांनी लुआ झाली. थुआन यांनी तिची बोटे मोजण्याआधी तिच्या टाचा पाहिल्या. दोन्ही स्वच्छ होत्या. त्यांना वाटले, संपले.

सन २०१९च्या ऑक्टोबरात लुआचे बाळ एकविसाव्या आठवड्यात गेले. तिचे हे दुसरे. पहिले नवव्या आठवड्यातच गेले होते. बाक त्या वेळी कपाट पोचवायला सायगॉनला गेलेला होता. थोम तर तीन वर्षांपूर्वीच वारली होती. परिचारिकेने हिरव्या फडक्याखालचे तबक आणून विचारले, "घरचं कुणी बघणार का?" थुआन पुढे झाले. मुलगा होता, तळहाताहून थोडा मोठा. त्यांनी फडके पायाकडून उचलले. डाव्या टाचेवर कलिंगडाच्या बीएवढा काळसर डाग होता.

त्यांनी फडके खाली सोडले आणि ही गोष्ट कोणाला सांगितली नाही.

म्हणूनच कागदावरचा तो शब्द त्यांना डॉक्टरांनी सांगितला तसा कळेना. पेशी, गुणसूत्रे हे त्यांनी ऐकले आणि मान्यही केले. परंतु खाम आपोआप होत नाही. कोणीतरी खोबण कोरतो, कोणीतरी तुकडा बसवतो. ह्या घराण्यात तो तुकडा कोणी बसवला होता, हे त्यांना ठाऊक होते.

निर्णयाला एप्रिलअखेरची मुदत होती. तीन आठवड्यांनी एका सकाळी लुआ पडवीत येऊन त्यांच्यासमोर बाकड्यावर बसली. ती गावच्या शाळेत गणित शिकवी. प्रश्न मांडायची तिची पद्धत शाळेतलीच होती.

"बाबा, शिंपला घेता तेव्हा आधी कड कापून बघता ना?"

"बघतो."

"कडेला डाग निघाला तर सगळा शिंपला टाकता?"

"नाही."

"का नाही?"

"कड ती कड. आत वेगळा रंग असू शकतो. उजेडात धरून बघावा लागतो, कापून बघावा लागतो."

"मग माझा का टाकायचा? आम्ही दोघांनी ठरवलंय, लावून घ्यायचं. तुम्ही तेवढं एकदा बरं म्हणा. गेल्या दोन्ही वेळी तुम्ही म्हणाला होता."

थुआन यांनी करवतीची तार सैल केली, पुन्हा ताणली. "नको लावून घेऊस," ते म्हणाले.

लुआला आपण चुकीचे ऐकले असे वाटले. "काय?"

"नको, एवढंच म्हणतो."

"कारण?"

त्यांनी एक शिंपला उचलून करवतीखाली धरला.

"तुम्ही आयुष्यात आकडा दिल्याशिवाय वाक्य बोलला नाहीत. भात शिजायला टाकला तरी मिनिटं सांगता. आणि आज नुसतंच नको?" तिचा आवाज चढला. "मला वाटलं होतं, या घरात हा शब्द कळणारं एक तरी माणूस आहे."

ती उठून गेली. त्यानंतर बापलेकीचे बोलणे मीठ दे, दार लाव एवढ्यावर आले.

मे महिन्याच्या अकरा तारखेला रोपण झाले. दहा दिवसांनी रक्ताचा आकडा चांगला आला. सातव्या आठवड्यात हृदयाचे ठोके दिसले: मिनिटाला एकशे अठ्ठावीस. हे सारे थुआन यांना बाककडून कळे. ते वहीत लिहीत आणि वही मिटत. ऑगस्टच्या एकोणीस तारखेला गर्भजल काढले. सप्टेंबरच्या सहा तारखेला निकाल आला. पन्नास पेशी पाहिल्या, पन्नासही पेशींत सेहेचाळीस गुणसूत्रे. सातवे दोनच.

बाकने अंगणात उडी मारली. झाऊआत्याने बातमी तीनदा विचारून घेतली आणि म्हणाली, "म्हणजे खाम निघून गेलं? बसवलेलं गळून पडलं? तरी म्हटलं, हनोईत कोण धड बसवणार!"

थुआन यांनी आकडा लिहिला. पन्नासातून पन्नास. इतका स्वच्छ निकाल त्यांच्या कामात कधी आला नव्हता. तरी त्या दिवशी भाताच्या वाडग्यात त्यांना ठिपका दिसला. वाडगा न संपवता ते उठले. एकविसावा आठवडा अजून दहा दिवसांवर होता.

तो आठवडा लागला तसे त्यांचे जेवण अर्ध्यावर आले. लुआ जिना उतरताना दिसली की ते पायऱ्या मोजत. ती कण्हली की त्यांच्या हातातले हत्यार थांबे. तिसऱ्या दिवशी दुपारी, शाळेतून आल्यावर, तिने पिशवीही खाली न ठेवता त्यांना गाठले.

"बाबा, तुम्ही माझ्याकडे बघतच नाही. माझ्या पोटाकडे बघता, आणि बघता तेही असं, जसं काही आत चोर शिरलाय. काय आहे ते आज सांगायचं."

झाऊआत्या चुलीपाशी शेंगा सोलत होती. थुआन यांनी तिच्याकडे पाहिले. तिने मान खाली घातली.

मग त्यांनी सांगितले. क्रमाने, तारखांसह, जसे ते कामाचा हिशोब सांगत: १९८३, १९८५, कुंचला, रोगण, टाच. मग २०१९, हिरवे फडके, डावी टाच. बोलणे संपले तेव्हा झाऊआत्याच्या टोपलीत एकही शेंग नव्याने पडलेली नव्हती.

लुआने पिशवीचा बंद हाताला गुंडाळला. "त्या दिवशी तुम्ही बघितलंत त्याला," ती म्हणाली. "मला नाही दाखवला. म्हणालात, बघू नको, त्रास होईल. मी तीन वर्षं तुम्हाला विचारणार होते, नाक कुणासारखं होतं म्हणून."

थुआन यांनी नाक पाहिलेच नव्हते.

"माझं बाळ गेलं आणि तुम्ही टाच बघत होता. तो माझा मुलगा होता, बाबा. तुमचा परत आलेला नव्हता."

चुलीतले लाकूड सरकले. लुआने पिशवी खाली ठेवली आणि तिचा आवाज शाळेतल्यासारखा कोरडा झाला. "१९८५ला कुठल्या टाचेवर केली खूण?"

"डाव्या."

"लिहून ठेवलंय?"

ह्या प्रश्नाने ते चमकले. लिहून तर सारेच ठेवलेले होते. सदतीस वर्षांत ते पान त्यांनी उघडले नव्हते. उघडायची गरज वाटली नव्हती, कारण पाठ होते. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून त्यांनी वही काढली. कागद पिवळा पडला होता, शाई तपकिरी. ऑगस्ट १९८५. कपाटाच्या दोन दारांची मापे, शिंपल्याच्या अठ्ठावीस तुकड्यांची यादी, आणि तिच्याखाली, त्याच अक्षरात, एक ओळ: 'उ. टाच, ठिपका १, ४ × २.५ मिमी.'

लुआने बोट ठेवले. "उ. म्हणजे उजवी."

थुआन यांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचले. उ.

"उजवी, बाबा! तुम्ही उजवीवर केलीत. तिथं डावीवर होतं. ते साधं रक्त साकळलेलं असणार. तुमची खूणच नव्हती ती." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "इतकी वर्षं नुसतं चुकीचं पाठ!"

झाऊआत्याने मोठ्याने सुस्कारा टाकला. थुआन यांच्या छातीवरचे काहीतरी क्षणभर उचलले गेले. त्या क्षणी ते थांबले असते तर सारेच थांबले असते. परंतु त्यांची नजर वरच्या यादीकडे गेली. कपाटाच्या दारावरच्या मोराचा पंख: 'उ. पंख, तुकडे ९.' आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग पुन्हा उतरला.

"आता काय?" लुआ म्हणाली.

"कुणाचं उजवं?" ते पुटपुटले.

"म्हणजे?"

सांगू नये असे त्यांना वाटले. पण आता लपवणेही जमेना. तंत्रविद्यालयात आराखडा काढायला शिकवत तेव्हा पहिला नियम असे: उजवे म्हणजे पाहणाऱ्याचे उजवे. कागद समोर, आपला उजवा हात ज्या बाजूला ती उजवी. गावातल्या जुन्या कारागिरांचा नियम उलटा: मोराचा उजवा पंख म्हणजे मोराचा, पाहणाऱ्याचा नव्हे. थुआन विद्यालयातून आले तेव्हा पहिल्या नियमाने लिहीत. त्यामुळे एकदा एका पडद्यावरचे सगळे पक्षी फिरवून बसले आणि वडिलांनी त्यांना सगळ्यांदेखत झापले. तेव्हापासून ते गावच्या नियमाने लिहू लागले. तो पडदा कोणत्या वर्षीचा? ८४चा असेल. ८६चाही असेल. बाळ उताणे होते, पाय त्यांच्याकडे. त्यांच्या उजव्या हाताला होती ती बाळाची डावी टाच.

"म्हणजे दोन्ही होऊ शकतं," लुआ हळू म्हणाली.

"हो."

"आत्या! तू होतीस ना तिथं? कुठला पाय होता?"

"मी परात धरली होती गं," झाऊआत्या म्हणाली. "डोळे मिटून."

लुआने वही मिटली. ती रागावली नाही; रागावण्याच्या पलीकडचे काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होते. तिने एक हात पोटावर ठेवला.

"आता मी सांगते तसं होणार. हे बाळ आलं की त्याच्या पायात मोजे असतील. ते तुम्ही काढायचे नाहीत. टाचा मी बघेन. आणि मला काय दिसलं ते मी तुम्हाला कधी सांगणार नाही. काही दिसलं तरी नाही, आणि काही नाही दिसलं तरी नाही."

"कधीच?"

"कधीच. तुम्हाला डाग आहे का ते बघायचंय. मला बाळ आहे का ते बघायचंय. एका घरात एकच बघता येईल."

एकविसावा आठवडा गेला. बाविसावा गेला. बाळासाठी आधीपासून काही आणून ठेवायचे नाही हा रिवाज झाऊआत्याने कडक पाळला. अपवाद फक्त पांढऱ्या लोकरीच्या मोज्यांच्या सहा जोड्यांचा. त्या लुआने स्वतः विणल्या, वर्गात मुले उदाहरणे सोडवत असताना.

जानेवारीच्या तेरा तारखेला, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी, मुलगी झाली. अडतीस आठवडे, दोन हजार आठशे चाळीस ग्रॅम. घरी आली ती मोजे घालूनच. झाऊआत्याने गाठोड्यात डोकावून जाहीर केले, "शी! किती काळी बेडकी गं ही!" नवजात बाळाची कोणी स्तुती करीत नाही, ऐकू नये त्यांना ऐकू जाते. मग तिने हळूच जोडले, "नऊ दिवस थांबली असती तर नव्या, मांजराच्या वर्षात आली असती. घाई केली आणि जुन्या, वाघाच्या वर्षात येऊन वाघीण झाली. नवऱ्याला खाणार."

"नवरा येईपर्यंत डुकराचे पाय खाऊ दे मला," लुआ म्हणाली, आणि पपईत शिजवलेल्या त्या रश्श्याचा दुसरा वाडगा तिने मागून घेतला. दूध यावे म्हणून आत्या रोज तेच शिजवी.

थुआन यांच्याकडे एक काम आले: वजन. बाजारातून आणलेला काटा त्यांनी आधी पितळी वजने ठेवून तपासला. तो पाच ग्रॅम जास्त दाखवणारा निघाला, ते त्यांनी वहीत वर लिहून ठेवले. रोज सकाळी आठ वाजता लुआ बाळाला मोजे घालून काट्यावर ठेवी आणि ते आकडा लिहीत. चौथ्या दिवशी दोन हजार सहाशे साठ. दहाव्या दिवशी दोन हजार आठशे पन्नास. अकरावा दिवस ओलांडला तेव्हा त्यांनी त्या ओळीखाली रेघ मारली. नवे वर्ष आले, गेले. नव्या वर्षी आधी येणाऱ्याचे नशीब घराला लागते, म्हणून दारात पहिले पाऊल झाऊआत्यानेच टाकले, दुसऱ्या कोणाला येऊ दिले नाही. अठराव्या दिवशी तीन हजार ऐंशी.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी बाळ दूध ओढेना. वजन केले: तीन हजार ऐंशी. एक ग्रॅमही पुढे नाही. लुआने दोनदा ठेवून पाहिले.

"एखादा दिवस होतं असं," बाक म्हणाला, पण त्याने त्या दिवशी करवतीच्या कारखान्यात जाणे टाळले.

दुपारी लुआ अंग धुवायला गेली. बाक औषधाच्या दुकानात गेला होता. झाऊआत्याने गाठोडे थुआन यांच्या हातात दिले. "धर. रस्सा उतू चाललाय. चार वाजले, अजून पोरीनं काही खाल्लं नाही."

चार वाजले. ते शब्द थुआन यांना एका जुन्या दुपारीतून आल्यासारखे वाटले. पडवीत तोच उजेड होता, तेच बाकडे, कोपऱ्यात रोगणाचे झाकलेले मडके. बाळ उताणे होते, पाय त्यांच्याकडे. त्याने एकदा पाय झाडले आणि एक मोजा टाचेवरून खाली घसरून बोटांवर लोंबू लागला. कोणता पाय, हे त्यांना कळत होते आणि कळतही नव्हते. त्यांच्या उजव्या हाताकडचा.

नुसती नजर खाली करायची होती. सदतीस वर्षांचा प्रश्न होता, आणि उत्तर वीतभर अंतरावर उघडे पडले होते. त्यांच्या मनात आले, पाहिले तर निदान कळेल. काय होणार ते आधी कळेल. मग त्यांच्या लक्षात आले की त्या दिवशी, हिरव्या फडक्याशी, त्यांनी हेच केले होते. आधी कळून घेतले होते. आणि नाक पाहायचे राहिले होते.

त्यांनी भिंतीकडे पाहिले. तिथे टांगलेल्या तबकावर बगळे होते. त्यांच्यावर नजर ठेवून त्यांनी दोन बोटांनी मोज्याची कड धरली आणि वर ओढली. लोकर टाचेवरून जाताना त्यांनी अंगठा उचलून धरला. तो अंगठा डोळ्यांच्याही आधी सांधा ओळखत असे, आणि आज त्यालाही काही विचारायचे नव्हते. मोजा घोट्यावर बसला. मगच त्यांनी खाली पाहिले, बाळाच्या चेहऱ्याकडे. नाक थोमसारखे होते. बसके, टोकाला किंचित वर उचललेले. बाळ त्यांच्याकडे न पाहता, त्यांच्या खांद्याच्या मागे, रोगणाच्या मडक्याकडे टक लावून पाहत होते, जणू तिथे कोणी उभे होते.

लुआ ओल्या केसांनी दारात आली. तिने आधी मोज्यांकडे पाहिले, मग बापाकडे.

"घसरला होता," थुआन म्हणाले.

"मग?"

"मग वर केला." थोड्या वेळाने ते म्हणाले, "नाक तुझ्या आईचं आहे."

लुआने बाळ घेतले आणि छातीशी धरले. पहिल्यांदा ते नुसतेच रडले. मग आवाज थांबला. थुआन ऐकत राहिले. किती वेळ ते त्यांनी मोजले नाही. मग गिळण्याचा बारीक आवाज आला, आणि पुन्हा आला.

त्या दिवसाचा उरलेला वेळ ते त्याच बाकड्यावर बसून होते. मडक्याकडे त्यांनी पाठ केली नाही.

फेब्रुवारीची एक तारीख, बुधवार, सकाळचे आठ. विसावा दिवस. लुआने बाळाला मोज्यांसह काट्यावर ठेवले. काटा हलला, डळमळला, स्थिर झाला. थुआन यांनी पाच ग्रॅम वजा केले आणि लिहिले:

३,१२० ग्रॅम.